आतल्या खोलीतला लॅपटॉप

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास चार डोळस माणसं एका आंधळ्या मुलीला घेऊन लॅपटॉप घ्यायला निघाली. चार म्हणजे वडील, आई, धाकटी बहीण आणि मामा. एवढी माणसं लोक भाड्याचं घर बघायलाही नेत नाहीत. पण थोरलीला काही घ्यायचं म्हणजे तिच्या वतीनं बघायला कुणीतरी हवं, आणि एकानं बघितलेलं दुसऱ्याला पटत नाही, म्हणून सगळेच.

थोरली एकतीस वर्षांची होती. घरात तिला अजून ‘बाळा’ म्हणत. बाराव्या वर्षापर्यंत तिला दिसत होतं, मग कमी कमी होत गेलं, आणि आता खिडकीकडे तोंड केलं की उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं. गेली दहा वर्षं ती घरी बसून एका रुग्णालयाचं टायपिंग करत होती. डॉक्टर आपलं म्हणणं बोलून ठेवत, ही कानानं ऐके आणि बोटांनी उतरवून काढी. लॅपटॉपचे पैसे तिचेच होते. हा मुद्दा त्या दिवशी कुणी काढला नाही.

दुकानदारानं पाचही जणांना एकदा नजरेखालून घातलं, तिच्या काळ्या चष्म्यावर क्षणभर थांबला आणि वडिलांना विचारलं, “यांना कुठला रंग आवडतो?”

“मला साधारण एक किलोचा हवाय,” थोरली म्हणाली. “आणि कानाची वायर लावायला गोल भोक हवं.”

“दाखवतो ना, काका,” दुकानदार वडिलांना म्हणाला.

लॅपटॉप उघडून ओळीनं मांडले होते. मामा पाठीमागे हात बांधून पडद्यांसमोरून फिरला, पाहणीला आलेल्या मंत्र्यासारखा. तो फर्निचरच्या शोरूममध्ये विक्रेता होता. त्यामुळे जिला किमतीची चिठ्ठी लावता येते अशा प्रत्येक वस्तूतलं त्याला कळतं, असा घरात समज होता.

“हा बघा! काय चित्र आहे! मासा अगदी अंगावर येतोय.”

“मला मासा नकोय, मामा,” थोरली म्हणाली.

धाकटी फिसकन हसली. आईनं तिला कोपरानं ढोसलं. आंधळ्या माणसानं विनोद केला तर हसावं की नाही, हे एकोणीस वर्षांत आईचं ठरलं नव्हतं.

थोरली ओळीतल्या पहिल्या लॅपटॉपपासून एकेकावर हात ठेवत निघाली. आधी कडेनं बोट फिरवायची: भोकं किती, कुठली, बोटाला वेगवेगळी लागतात का. मग कळा. कळा सुट्या की एकमेकींना चिकटलेल्या, मधल्या ओळीतल्या दोन कळांवरची बारीक रेघ लागते की नाही, बाणाच्या चार कळा ऐसपैस की कोपऱ्यात कोंबलेल्या. मग एक वाक्य टाईप करायची आणि कळ खाली जाऊन परत वर येते ती कशी, ते बोटांनी ऐकायची. बघणाऱ्याला वाटावं, बाई पेटी घ्यायला आली आहे.

“पडदा कसला देऊ?” दुकानदारानं सवयीनं विचारलं.

“पडदा नसला तरी चालेल.”

“बिनपडद्याचा लॅपटॉप येत नाही, ताई.” तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलला.

“मग असू दे. मी काळाच करून ठेवते. बॅटरी जास्त चालते.”

सगळ्यात खालच्या फळीवर, ओळीत न मांडलेला एक लॅपटॉप तिच्या हाताला लागला. छोटा, जाडसर, कडांना रबर लावलेला. कळा सुट्या. डाव्या अंगाला गोल भोक. तिनं तो उचलला, एका हातावर तोलला, पोटाशी धरला, काखेत घेऊन दोन पावलं चालून बघितली.

“हा.”

“अगं, डबा दिसतोय तो डबा,” आई म्हणाली.

“हे शाळांसाठी काढलं होतं,” दुकानदारानं प्रामाणिकपणे सांगितलं. “पोरांनी आपटलं तरी फुटू नये म्हणून. मोठी माणसं कुणी घेत नाहीत.”

“मी पण आपटते अधूनमधून. हाच द्या.”

वडील पुढे झाले. ते पाणीखात्यात मीटर तपासनीस होते, लोकांच्या घरात काय किती वापरलं जातं हे त्यांना आकड्यांत माहीत असे. “पण बाळा, एवढा छोटा कशाला? घरी टेबल आहे तुझं. चांगला मोठा घे. तू कुठं नेणार आहेस तो?”

या प्रश्नात दुष्टपणा अजिबात नव्हता. असता, तर ही गोष्ट सोपी झाली असती.

“बाबा, मी सांगितलं होतं. सुनावण्यांची नोंद घेणारी कचेरी आहे. त्यांची माणसं गावोगाव जातात, सुनावणीला बसतात आणि जो जे बोलेल ते जसंच्या तसं उतरवून घेतात. लॅपटॉप आपला आपण न्यायचा. माझ्या एका हातात काठी असते, दुसरा हात दाराला, कठड्याला लागतो. म्हणजे हा दिवसभर पाठीवर. म्हणून छोटा. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे.”

“आधी परीक्षा होऊ दे तर,” आई म्हणाली. आमच्याकडे आईवडील ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘आधी ते होऊ दे’ म्हणतात.

“तुम्ही व्हा पुढे,” मामा म्हणाला. “मी बिल करून, खोक्यात घालून घेऊन येतो.”

दुपारी मामा खोकं घेऊन आला. थोरलीनं खोकं उघडून लॅपटॉपच्या झाकणाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. तीन सेकंद लागले. लॅपटॉप पापडासारखा पातळ होता, ताटाएवढा रुंद होता, कळा सपाट, आणि कडेला फक्त दोन भोकं, दोन्ही अगदी सारखी. गोल भोक नव्हतं.

“मामा, हा तो नाही.”

“त्यापेक्षा भारी आहे! वरचे पैसे मी घातले, तू विचारूही नकोस. चार लोकांत तो डबा काढलास तर काय म्हणतील, घरच्यांनी हिला काय टिकवलं! आणि कानाला वायर कसली लावतेस, हे घे, बिनवायरचे.” त्यानं तिच्या तळहातावर दोन बोंडं ठेवली.

“यांत लॅपटॉपचं वाचणं उशिरा ऐकू येतं. मी कळ दाबली की—”

“बाळा,” वडील म्हणाले, “एवढं प्रेमानं आणलंय त्यानं.”

खोकं उघडलं होतं, दुकान परत घेणार नव्हतं. थोरलीनं मामाला नमस्कार केला. कानातली बोंडं आठवड्यानं धाकटीला देऊन टाकली. आणि बोटाच्या पेराएवढी एक जोडवायर पोस्टानं मागवली: एक टोक त्या सारख्याच भोकांपैकी एकात, दुसऱ्या टोकात तिची जुनी कानाची वायर. ती जोडवायर टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात, वाटीत राहू लागली. एवढ्या मोठ्या लॅपटॉपातली तिला उपयोगाची वस्तू तेवढीच होती.

आता त्या घरातली एक रीत सांगायला हवी.

धाकटी बावीस वर्षांची होती, एका दंतवैद्याकडे मदतनीस होती, आणि तिच्यासाठी स्थळं येत होती. पहिलं आलं तेव्हा थोरली बाहेर बसली होती, हसून बोललीही होती. चार दिवसांनी निरोप आला की मुलाचा विचार बदलला. दुसऱ्या वेळी थोरलीविषयी नुसतं सांगितलं. निरोप दोन दिवसांत आला. “घराण्यात आहे का हो हे?” असं मध्यस्थानं विचारून ठेवलं. तेव्हापासून, कुणी ठरवलं असं नाही, पण ठरलं. आधी पक्कं होऊ दे, मग सांगू. पाहुणे आले की थोरली आतल्या खोलीत.

असं करणारी माणसं राक्षस नसतात. मुलीच्या औषधासाठी वडिलांनी उन्हातान्हात पायपीट केलेली असते, आईनं उपासतापास केलेले असतात. अशी घरं ओळखायची असतील तर बाहेरच्या खोलीतल्या फोटोतली माणसं मोजावीत आणि मग स्वयंपाकघरात वाळत ठेवलेली ताटं मोजावीत. एक ताट जास्त निघतं.

परीक्षा रविवारी चार वाजता होती. घरबसल्या द्यायची. चाळीस मिनिटं एक ध्वनिमुद्रण वाजणार, ते ऐकत ऐकत उतरवायचं; थांबवता येणार नाही, मागे नेता येणार नाही; वेळ संपली की लिहिलेलं आपोआप कचेरीकडे जाणार. तिनं वडिलांना आठ दिवस आधी सांगितलं. त्याच रविवारी संध्याकाळी पाचला एक मुलगा आणि त्याची आई येणार होती.

“मग काही अडचणच नाही,” वडील म्हणाले. “तुझी परीक्षा आत, आमचं बाहेर. आत बसूनच द्यायची ना?”

“हो.”

“मग झालं तर!” त्यांना खरोखरच आनंद झाला होता.

रविवारी दुपारी आईनं घर आवरायला घेतलं. मागच्या खेपेला पाहुण्यांतल्या एकानं गॅसच्या बटणांवर चिकटवलेले रबरी ठिपके बघून “हे काय?” म्हणून विचारलं होतं, त्यामुळे या वेळी आवरणं बारकाईनं झालं. ठिपके चमच्यानं खरवडले. डब्यांना बांधलेली रबरं, साखरेला दोन, मिठाला एक, सोडली. बोलणारं घड्याळ, पांढरी काठी, टेबलावरची वाटी आणि वाटीतलं ‘ते तुटकं काहीतरी’ एका पिशवीत भरलं आणि पिशवी वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे ठेवायला दिली. आंधळ्या माणसाच्या घरात वस्तू जिथल्या तिथे असणं म्हणजे दिसणंच असतं. दीड तासात आईनं मुलीला पुन्हा एकदा आंधळं केलं, आणि हात धुऊन चहाची तयारी करायला लागली.

पावणेचारला थोरलीचा हात टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात गेला. तिथे लाकूड होतं.

“आई! माझी वाटी कुठाय?”

“वर दिलीय पिशवी. रात्री आणू.”

“आई, त्यात माझी वायर आहे! मला आत्ता लागणार. परीक्षा आहे, चार वाजता!”

“जाते, जाते. एवढं फडकं मारून होऊ दे—”

तेवढ्यात खाली गाडी लागली. धाकटी खिडकीतून म्हणाली, “आई, आले! तासभर आधीच! रस्ता मोकळा मिळाला वाटतं.”

घरात पळापळ झाली. “ताई, माझी ती कानातली—” असं काहीतरी धाकटी म्हणाली, पण ती बोंडं तिच्या पर्समध्ये होती, पर्स बाहेरच्या खोलीत होती, आणि बाहेरच्या खोलीच्या दारावर टकटक झाली होती.

मामा आत डोकावला. “हे बघ बाळा, अर्धा तास. आवाज नको हं. तुझ्याच बहिणीचं आहे.” त्यानं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली. चुकून कुणी उघडू नये म्हणून.

चार वाजले. थोरलीनं आवाज अगदी बारीक केला, लॅपटॉप मांडीवर घेतला, त्याच्यावर वाकली आणि गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. ध्वनिमुद्रण सुरू झालं. कुठल्याशा कारखान्यातल्या अपघाताची सुनावणी होती. तिची बोटं चालू लागली. बोलणाऱ्याचं नाव माहीत नसेल तर पुरुष एक, स्त्री दोन असं लिहायचं; शब्दाखेरीज जे ऐकू येईल ते कंसात लिहायचं; आपलं मत कुठंही लिहायचं नाही: एवढे तीन नियम होते. अकरा मिनिटं सुरेख गेली. मग ध्वनिमुद्रणातल्या वकिलाचा आवाज चढला.

भिंतीपलीकडे मुलाची आई म्हणाली, “आत कुणी आहे का हो?”

थोरलीची बोटं थांबली.

“छे, छे,” वडिलांचा आवाज आला. “शेजारचा रेडिओ. भिंती पातळ आहेत.”

“नाही, मला वाटलं आतून—”

“आत कुणी नाही.”

थोरलीनं आवाजाची कळ शोधली आणि आवाज बंद केला. बंद कर असं शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. हे लिहून ठेवायला हवं, कारण नंतर घरात म्हणाले की तिनं आपणहून बंद केला.

आता लॅपटॉप मुका झाला होता. तिकडे कारखान्याची सुनावणी चालू होती आणि तिला ऐकू येत नव्हती. एकोणतीस मिनिटं उरली होती. हात नुसते ठेवले असते तर रडू फुटलं असतं, आणि रडण्याला आवाज असतो. दहा वर्षांच्या सवयीनं तिची बोटं पुन्हा चालू लागली. कानावर जे पडत होतं ते ती उतरवू लागली. नियम तिनं पाळले.

त्या एकोणतीस मिनिटांतला थोडा मजकूर असा:

*स्त्री १: घर छान ठेवलंय हो.*

*स्त्री २: कुठलं हो. आहे आपलं साधंच.*

*(कपबशांचा आवाज. शांतता.)*

*स्त्री १: चहा... वेगळा आहे.*

*पुरुष २: आमच्याकडे साखर जरा बेतानंच असते. (हसतो.) तब्येतीला बरं.*

*स्त्री २: अगंबाई. (उठल्याचा आवाज.) मी दुसरा करून आणते. डबे सारखेच दिसतात मेले.*

*स्त्री १: राहू द्या हो. मग, मुलं किती म्हणालात तुम्हाला?*

*पुरुष १: एकच. ही एकच मुलगी.*

*(शांतता, चार सेकंद.)*

*स्त्री १: म्हणजे लाडाची असणार. काय गं, एकटीला कंटाळा नाही आला लहानपणी? भावंडं नाहीत म्हणून?*

*स्त्री ३: (खोकते.) नाही.*

*स्त्री १: नाही म्हणजे?*

*स्त्री ३: नाही, कंटाळा नाही आला. मी एकटीच... सवय झाली.*

*पुरुष २: (हसतो.) स्वभावच शांत आहे तिचा.*

*(आतल्या खोलीतून आवाज येत नाही.)*

पुरुष एक हे वडील होते, पुरुष दोन मामा. स्त्री तीन ही धाकटी, जिला पाचव्या वर्षापर्यंत थोरलीनं कडेवर घेऊन झोपवलं होतं. दिसायचं बंद झाल्यावरही, भिंतीला हात लावत.

चार चाळीसला मजकूर आपोआप गेला.

पाहुण्यांना मुलगी पसंत पडली. त्या संध्याकाळी घरात सगळे एकदम बोलत होते. मामानं कडी काढली आणि म्हणाला, “शाबास बाळा! श्वाससुद्धा ऐकू आला नाही.” आईनं तिच्या हातात गोड काहीतरी ठेवलं. परीक्षा कशी झाली हे कुणी विचारलं नाही. विचारायचं राहिलं असंही नाही. ते लक्षात असण्यासारखं नव्हतं.

दहा दिवसांनी कचेरीचं पत्र लॅपटॉपवर आलं. थोरलीनं ते वायर लावून ऐकलं आणि ती अंघोळीला गेली. अंघोळीला तिला त्या दिवशी फार वेळ लागला.

धाकटी लॅपटॉप मागायला आली होती. संध्याकाळी मुलाशी बोलायचं होतं आणि हा पडदा मोठा होता. पडदा काळाठिक्कर होता. महिनाभर तो तसाच होता आणि घरात कुणी तो उजळून बघितला नव्हता. धाकटीनं बिघडला असं समजून कळा दाबल्या, एका कळेनं उजेड वाढत गेला, आणि समोर पत्र होतं. ‘आपण पाठवलेला मजकूर दिलेल्या ध्वनिमुद्रणाशी अकराव्या मिनिटानंतर जुळत नाही. सबब आपण अनुत्तीर्ण आहात. आपला मजकूर सोबत जोडला आहे.’

तिनं सोबतचा मजकूर वाचला. स्त्री तीन कोण हे समजायला तिला तीन ओळी लागल्या. कंसातल्या शेवटच्या वाक्यापर्यंत आली तेव्हा थोरली टॉवेल गुंडाळल्या केसांनी दारात उभी होती.

“ताई,” धाकटी म्हणाली.

“वाचलंस?”

“तू... तू नुसतं लिहीत होतीस? आम्ही हे बोलत होतो आणि तू—”

“मग काय करू? दार वाजवू?”

“ताई, मी त्यांना फोन करते. आत्ता करते. सांगते खरं काय ते.”

“कर. पण ते वाक्य पुसलं जात नाही. आमच्यात तसा नियम आहे. बोललेलं खोडायचं नाही. फार तर खाली दुरुस्ती जोडता येते.”

धाकटीनं तो मजकूर घरात सगळ्यांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोरच फोन केला, आवाज बाहेर ठेवून. मुलाच्या आईला म्हणाली, “काकू, त्या दिवशी आत रेडिओ नव्हता. माझी थोरली बहीण होती. तिला दिसत नाही. तिची परीक्षा चालू होती. मी एकटी नाही.”

मग मुलाची आई म्हणाली, “बहीण आंधळी आहे याचं काही नव्हतं हो. तुम्ही लपवलंत याचं वाईट वाटलं.” हे खरं होतं की सोयीचं, सांगता येत नाही. लग्न मोडणारे सगळे हेच म्हणतात, आणि लपवणाऱ्यांनी त्यांना हे वाक्य आयतं दिलेलं असतं.

स्थळ गेलं. घरात सुतक पडल्यासारखं झालं. आई जेवेना. मामा म्हणाला, “मी एवढा चांगला लॅपटॉप आणून दिला, त्यावर हे धंदे!” वडील थोरलीशी बोलायचे थांबले. रागानं नव्हे. बोलायला तोंड उघडलं की आपण पुरुष एक आहोत हे त्यांना आठवे. मोडलेल्या लग्नाचं दुःख करायला शेजारपाजारचे आले, नातेवाईक आले. मोडलेल्या परीक्षेचं दुःख करायला कुणी आलं नाही.

आला तो एक फोन. कचेरीत मजकूर तपासणारी एक बाई होती, घोगऱ्या आवाजाची.

“तुमचा कागद मीच नापास केला,” ती म्हणाली. “नियमाप्रमाणे करावाच लागतो. पण वीस वर्षांत इतकी स्वच्छ नोंद मी बघितली नाही. एक विचारू? ते तुमचं घर होतं का?”

“हो.”

“आणि ती आतली खोली?”

“त्या खोलीतूनच लिहिलं.”

बाई कामाच्या आवाजात म्हणाली, “पुढची परीक्षा सहा महिन्यांनी आहे. या वेळी घरून देऊ नका. इथे या. मी टेबल ठेवते.”

सहा महिने थोरलीनं रुग्णालयाचं काम दुपटीनं केलं. मग एका शनिवारी धाकटीला म्हणाली, “दुकानात येतेस? फक्त रस्त्यापुरती ये. बघायला नको.” शाळांसाठी काढलेला तो रबरी कडांचा लॅपटॉप खालच्या फळीवर तसाच होता, मोठी माणसं कुणी घेत नव्हती. दुकानदारानं या खेपेला थेट तिलाच विचारलं, “पिशवी देऊ, ताई?”

“पाठीवर घेते,” ती म्हणाली.

सोमवारी सकाळी ती कचेरीच्या गावी निघाली. पाठीवर लॅपटॉप, डाव्या हातात कपड्यांची पिशवी, उजव्या हातात काठी. परीक्षा, आणि झालं तर तिथंच नोकरी. नाही झालं तरी तिथल्या वसतिगृहात राहून दुसरं काही. आई जिन्यापर्यंत आली, रडली, आणि पुन्हा पुन्हा म्हणाली, “आम्ही काय वाईट केलं गं तुझं?” तिला खरोखरच कळत नव्हतं. थोरलीनं आईचा चेहरा एकदा हातांनी नीट बघून घेतला. वडील दारात उभे होते. “तू कुठं नेणार आहेस तो” असं एकदा विचारलेल्या माणसाला आता काय विचारावं ते सुचत नव्हतं. काठीचा आवाज जिन्यावरून खाली, मग फरशीवर, मग रस्त्यावर गेला. तो बंद होईपर्यंत ते ऐकत राहिले. मुलीचा आवाज इतका वेळ त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असेल.

परीक्षा ती पास झाली. धाकटीकडे दर आठवड्याला फोन येतो. वडिलांना द्यायचा का असं धाकटी विचारते, आणि दोन्ही बाजूंनी थोडं थांबून “पुढच्या वेळी” असं उत्तर येतं.

आईनं आतली खोली अजून आवरलेली नाही. गॅसच्या बटणांवर नवे ठिपके लावले आहेत. डब्यांना रबरं बांधली आहेत, साखरेला दोन, मिठाला एक.

परवा घरोघरची माणसं मोजणारी बाई आली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात मोठं पॅड. वडिलांनी तिला बाहेरच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं.

“मुलं किती, काका?”

“दोन,” वडील ताबडतोब म्हणाले. आवाज जरा मोठाच होता, भिंतीपलीकडे जावा इतका. “दोन मुली. थोरली सुनावण्यांच्या कचेरीत नोंदनीस आहे. तिला दिसत नाही. लिहा.”

“घरातच असतात?”

“नाही. बाहेरगावी.”

“किती दिवस झाले?”

“आठ महिने.”

बाईनं पेन उचललं. “मग त्यांचं नाव तिकडे लागेल, काका. आमच्याकडे घरात राहणारी माणसंच लिहायची असतात.” तिनं रकान्यावर पेन टेकवलं आणि अगदी सरळपणे विचारलं, “म्हणजे इथे मुलगी एकच लिहू ना?”

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. वडिलांनी तिकडे पाहिलं. बाई थांबली होती. तिला अजून पुष्कळ घरं करायची होती.

“लिहा,” वडील म्हणाले. “एकच.”